घरची शिक्षा

"और घर में शिक्षा कौन देता था तुम्हें?" शाळेच्या मुख्याध्यापिका प्रेमलता बहनजींनी विचारलं, अगदी सहज, दौतीचं झाकण लावता लावता. अंबिकानं मान वर केली आणि पाठ म्हणावा तशा स्वच्छ आवाजात उत्तर दिलं, "आबा देतात. देते हैं." आबांना, म्हणजे मालोजीरावांना, आधी काही वाटलंच नाही. उलट ते खुर्चीत जरा सावरून बसले. आता आपलं नाव निघालं, आता बहनजी आपल्याकडे वळून चार शब्द बोलतील, अशा बेतानं त्यांनी उपरणंही नीट केलं. पण बहनजींना पोरीचंच कौतुक वाटत होतं, पुढचा प्रश्नही त्यांनी तिलाच केला. "अच्छा! कैसे देते हैं?" अंबिका म्हणाली, "गैरहाजिरी लगाते हैं." बहनजी हसल्या. "घर में गैरहाजिरी?" "हां," अंबिका म्हणाली. हिंदीची सवय नसल्यामुळे ती एकेक शब्द तांदळातला खडा वेचावा तसा वेचत होती. "मैं घर में होती हूं, पण नसते. मतलब, कोई बोलता नहीं. आई भी नहीं बोलती. थाली नहीं लगती. सबका हो गया, फिर मैं अपने हात से लेती हूं." बहनजींचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं. "कितने दिन?" त्यांनी विचारलं. "गलती कितनी बडी, उस पर. एक दिन, दो दिन. एक बार छह दिन. मैंने जवाब हिंदी में दिया था."

आता गंमत अशी, की इंदुरातल्या शेंबड्या मराठी पोरालाही हा घोटाळा ठाऊक असतो. आपल्याकडे शिकणं ते शिक्षण, आणि शिक्षा म्हणजे कान धरून कोपऱ्यात उभं करणं. हिंदीत शिकण्यालाच शिक्षा म्हणतात. होळकरांचं राज्य मध्यभारतात गेलं, कचेऱ्यांवरच्या पाट्या रंगवून हिंदी झाल्या, तेव्हापासून गेली पाच वर्षं मराठी कारकून एकमेकांना तोच विनोद ऐकवत आले होते: "काय भिया, शिक्षा विभागात बदली? कोणता गुन्हा केलात?" मालोजीरावांनी स्वतः तो पान चघळत दहा वेळा सांगितला असेल, आणि दहाही वेळा स्वतःच आधी हसले असतील. पण बाहेर. घरात हिंदीचा शब्द आणायचा नाही, ती बाजाराची बोली, चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवायची, हा त्यांचाच दंडक. त्यामुळे अंबिकाला दूधवाल्याची आणि भाजीवालीची हिंदी तेवढी येत होती, आणि त्या हिंदीत शिकण्याला पढाई म्हणतात. शिक्षा हा शब्द तिला आपल्याच घरातून मिळाला होता. तिनं विचारल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं. आपणच शिकवलं होतं तिला ते: विचारलं तेवढंच सांगावं, खरं सांगावं, पूर्ण सांगावं. मालोजीरावांचे कान तापले. कोणीतरी हे थांबवायला हवं असं त्यांना वाटलं, आणि खोलीत थांबवणारं दुसरं कोणी नव्हतं.

अर्ध्या तासापूर्वी याच खोलीत त्यांची छाती कशी फुगली होती! नववीत थेट प्रवेश हवा तर आम्ही मुलीला पारखून घेऊ, असं बहनजींनी आधीच कळवलं होतं, आणि अंबिकानं तर त्या पारखण्याचा फडशाच पाडला. पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ. चंबळ महूजवळच्या डोंगरात कुठे उगवते आणि वाटेत तिला कोण कोण येऊन मिळतं ते तिनं फळ्यावर नकाशा काढून दाखवलं. खिडकीच्या गजाची सावली पाहून म्हणाली, साडेअकरा झाले असतील. बहनजींनी घड्याळ पाहिलं तर अकरा पस्तीस. "इतना तो हमारी मैट्रिकवाली नहीं जानतीं," बहनजी म्हणाल्या, आणि मग मालोजीरावांना कोण आवरतो? पाच वर्षं पोटात साठलेलं सगळं त्यांनी तिथं मोकळं केलं. शाळेत चाळीस पोरी, एक बाई. चाळिसातली हुशार आहे ती थांबते आणि मंद आहे ती ओढली जाते. घरी एक पोर, एक मास्तर. तिला चिमणीच्या घरट्याबद्दल विचारायचं आहे ना, मग आज चिमणी. गणित कुठे पळून जात नाही. पाठ करायचं नाही, समजायचं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भीती नाही. "जी, भय बिल्कुल नहीं," असं ते दोनदा म्हणाले होते. त्या वेळी मधल्या सुट्टीची घंटा झाली, व्हरांड्यात पोरींचा लोंढा आला, आणि दाराशी उभी असलेली अंबिका पाठ भिंतीला लावून, हात दोन्ही बाजूंना टेकून उभी राहिली. एका पोरीनं वाकून "तेरा नाम क्या है?" म्हटलं, तर हिनं आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, मूळ गाव असं सगळं खणखणीत सांगितलं. पोरी फिदीफिदी हसत पळाल्या. अंबिका त्या गेल्या त्या दिशेला बघत राहिली. मालोजीरावांनी ते पाहिलं होतं आणि याला म्हणतात संस्कार, असं मनात म्हटलं होतं.

भीती नाही! चौथीत असताना तिच्या हातावर मास्तरांनी छडी मारली, तिथून हे सारं सुरू झालं, असं ते सगळ्यांना सांगत. तळहातावर लाल वळ घेऊन पोरगी घरी आली, आणि खलाट्यांच्या घरात बाईमाणसावर आजवर कोणी हात उचललेला नाही, असं म्हणून मालोजीराव तसेच शाळेत गेले आणि तिचं नाव काढून आले. गोष्ट खरी होती. छडी खरी, वळही खरे. पण पूर्ण सांगायचं तर ते साल अठ्ठेचाळीस होतं, आणि मालोजीरावांना तेव्हा सकाळी उठून कुठे जायचं नव्हतं. दरबारात त्यांचं काम म्हणजे हजेरी. दसऱ्याच्या दरबाराला कोण सरदार आला, कोणत्या बैठकीवर बसला, कोण आला नाही, याची वही त्यांच्या हाती. तीनदा गैरहजर लागलेला माणूस, मोठ्या पागोट्याचा असला तरी, त्यांच्या मेजाशी येऊन "मालोजी, जरा बघा हो" म्हणायचा. एका उन्हाळ्यात राज्य विलीन झालं, दरबार संपला, बैठका गुंडाळल्या. नव्या सरकारात जागा होईल तेव्हा कळवू, असं पत्र आलं. दीड वर्ष काही कळवलं नाही. दीड वर्ष हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, माजघरात बसायचा, आणि स्वयंपाकघरातून मंगलाबाई, त्यांची बायको, भांडी जरा हळू ठेवायच्या. समोर कोणीतरी बसायला हवं होतं. नाव पुकारल्यावर कोणीतरी "हजर" म्हणायला हवं होतं. हे त्यांना आज, बहनजींच्या मेजावरच्या कागदांकडे बघताना, पहिल्यांदा इतकं उघडं दिसलं: शाळा पोरीला नको होती असं नव्हे, शाळा बापाला हवी होती. पुढे त्यांना एका कचेरीत कोपऱ्यातली खुर्ची मिळाली, तरी सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे दोन त्यांनी सोडले नाहीत.

सियागंजच्या बाजारातून त्यांनी लाल पुठ्ठ्याची जाड वही आणली होती आणि पहिल्या पानावर रेघा मारून फक्त एक नाव लिहिलं होतं. सुरुवातीला ती खरंच गंमत होती. "अंबिका मालोजीराव खलाटे!" "हजर!" ती हसायची, तेही हसायचे. मग एक दिवस तिनं शुद्धलेखन न करताच केलं म्हणून सांगितलं. हात उचलायचा नव्हता. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी नुसती वही उघडली, नाव पुकारलं, ती "हजर" म्हणाली, आणि त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत शांतपणे "गैरहजर" मांडलं. मग घराला सांगितलं, अंबिका आज नाही. मंगलाबाईंना आधी कळलंच नाही. "नाही म्हणजे? ही काय समोर बसून राहिली ना!" पण नवरा गंभीर होता, आणि त्या दिवसांत त्या नवऱ्याला फार जपत होत्या. त्यांनी ऐकलं. पुढे पुढे त्या चुलीशी बोलायच्या. "चुलीबाई, वरण गरम आहे हो, कोणाला भूक लागली असली तर!" आणि पाठ फिरवून उभ्या राहायच्या. मालोजीरावांना ते ऐकू यायचं, आणि ऐकू न आल्यासारखं ते करायचे, म्हणजे आपण किती उदार! हिंदीतल्या उत्तराचे सहा दिवस झाले तेव्हा चौथ्या दिवशी त्यांच्या वहीत चिठ्ठी सापडली. आबा, त्यापेक्षा छडि मारा. एवढंच. चिठ्ठी वाचून त्यांच्या छातीत काहीतरी हललं होतं, नाही असं नाही. पण हात मात्र सवयीनं लाल शाईकडे गेला. छडीची डी दीर्घ. त्यांनी ऱ्हस्व खोडून दीर्घ केली आणि चिठ्ठी तिच्या पाटावर ठेवून दिली. संध्याकाळी तीच चिठ्ठी परत त्यांच्या वहीत होती. खाली दहा वेळा, एकाखाली एक, छडी, छडी, छडी, अक्षर मोत्यासारखं. आणि त्यांना, देवा रे, समाधान वाटलं होतं. पोरगी चुकीतून शिकते, असं त्यांनी रात्री मंगलाबाईंना सांगितलंसुद्धा. मंगलाबाईंनी कंदील बारीक केला. या वर्षी मात्र, परवाच्या दोन दिवसांच्या गैरहजेरीनंतर, त्या ताट आपटून म्हणाल्या, "अहो, पोरीची जात, जिंदगीभर काय तुमच्याच सामने बसणार? तिला चार पोरींत घाला. नाही तर तिच्यासंगं मलाही गैरहजर मांडा, मी चालले देवासला भावाकडे." म्हणून आज ते इथे आले होते. मराठी शाळेतली नववी भरली होती, म्हणून हिंदी शाळा; हा शेवटचा कडू घोटही त्यांनी घेतला होता.

"खलाटेजी?" बहनजी आता त्यांच्याकडे बघत होत्या. आवाज शिक्षिकेचा, पण डोळे एखाद्या शेजारणीचे. आता बोलायचं होतं, आणि बोलायला खरं तर सोपं होतं. हो, असं होतं आमच्याकडे, म्हणूनच तिला तुमच्याकडे आणलंय, इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मालोजीराव हसले. दरबारात मोठा माणूस अडचणीत आला की आजूबाजूचे जसे हसत तसे हसले. "अरे नहीं जी, नहीं नहीं! हमारे घर में शिक्षा-बिक्षा कुछ नहीं!" आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं की आपण काय म्हटलं. बहनजींच्या भुवया वर गेल्या. "कुछ नहीं? अभी तो आप कह रहे थे, पाँच साल..." "नहीं, मतलब, वह शिक्षा है, यह शिक्षा नहीं," मालोजीराव म्हणाले. "मराठी में शिक्षा मतलब सज़ा, लडकी उल्टा समझी. सज़ा तो कभी दी नहीं. हाथ नहीं लगाया, कसम से. वह गैरहाजिरी तो खेल है, हमारे घर का खेल." आणि एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण बहनजींचे डोळे अजून तसेच होते, म्हणून त्यांनी मान वळवून, लाडानं, जसं ते कधीच बोलत नसत तसं, विचारलं, "खेळच ना गं अंबू?"

अंबिकानं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली, अवघड उदाहरण घातलं की पडते ती. तिला घाई नव्हती. घाईनं उत्तर द्यायचं नाही असंच तिला शिकवलेलं होतं. मालोजीरावांना त्या थोड्या वेळात दोन गोष्टी एकदम वाटल्या: पोरीनं नाही म्हणावं आणि हे एकदाचं संपावं, आणि पोरीनं हो म्हणावं, देवा, एवढं हो म्हणावं. "जी," ती बहनजींकडे वळून म्हणाली. "खेल." पाच वर्षांत ती त्यांच्यादेखत खोटं बोलली नव्हती. त्या शुद्धलेखनाच्या पहिल्या खोट्यानंतर एकदाही नाही. आज बोलली, आणि अशी सफाईनं बोलली की बहनजींचा जीव भांड्यात पडला. "अरे बिटिया," त्या हसून म्हणाल्या, "शिक्षा मतलब पढाई! हम तो घबरा ही गये थे." मालोजीराव मोठ्यानं हसले. अंबिकाही हसली, दोघं हसताहेत म्हणून. तोंड उघडून, थोडी उशिरा. मालोजीरावांनी ते हसू पाहिलं. आपण आपल्या पोरीकडून काहीतरी चोरून घेतलं आणि तिनंच ते काढून दिलं, असं काहीसं त्यांना वाटलं.

मग अर्ज भरायचा होता. नाव, जन्मतिथी, बापाचा व्यवसाय, हे त्यांनी वळणदार अक्षरात भरलं. पुढची ओळ छापलेली होती: अब तक की शिक्षा. टाक तिथं येऊन थांबला. गेली पाच वर्षं ज्या शब्दावर ते पान चघळत हसले, तो शब्द त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याच्यापुढे रिकामी जागा होती. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. पोरीला आकाशातले तारे ओळखता येतात. मोडी वाचता येते. रांगेत उभं राहता येत नाही. पोरीला मैत्रीण नाही; एकही नाही; बाहुलीच्या लग्नाला शेजारच्या पोरी आल्या होत्या त्यालाही सहा वर्षं झाली. तिचं बोलणं म्हाताऱ्या कारकुनासारखं आहे, कारण बोलायला तिला एकच माणूस, आणि तोही म्हाताऱ्या कारकुनासारखा बोलतो. "क्या हुआ?" बहनजींनी विचारलं. "कुछ नहीं," ते म्हणाले आणि लिहिलं: घर पर. अक्षर थोडं तिरकं गेलं. बहनजींनी सही केली, पहिल्या तारखेपासून पाठवा म्हणाल्या, आणि उठताना अंबिकाच्या पाठीवरून हात फिरवला. जरा जास्त वेळ फिरवला, असं मालोजीरावांना वाटलं. त्यांच्या नमस्काराला बहनजींनी नमस्कार केला, पण त्यांच्याकडे न बघता.

बाहेर जूनअखेरचं ऊन होतं, ढग नुसते लोंबकळत होते आणि उकाडा जीव काढत होता. बडा गणपतीच्या देवळाच्या बाजूनं ते मल्हारगंजाकडे निघाले. मालोजीराव पुढे, अंबिका दोन पावलं मागे, नेहमीसारखी. हारवाल्या बायका फुलांवर पाणी शिंपडत होत्या, एक टांगेवाला कोणाला तरी मनसोक्त शिव्या घालत होता, आणि मालोजीरावांना वाटत होतं की या सगळ्यांना कळलंय. खोलीत दार लावून काय झालं ते या फुलवालीला कसं कळणार? पण लाज अशी गोष्ट आहे की तिला दार लागत नाही. मागं वळून पाहायचं त्यांना धैर्य होईना. ती रडत असेल तर? आणि रडत नसेल तर? घरी गेल्यावर मंगला विचारेल, काय झालं, आणि पोरगी सांगेल, विचारलं तेवढं, खरं, पूर्ण. की आता नाही सांगणार?

"आबा," मागून आवाज आला. "हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण?"

"हो."

"मग बाईंनी मला विचारलं होतं, शिक्षण कोण देतं."

"हो गं."

"मग उत्तर तेच आलं असतं," ती म्हणाली. "आबा देतात. म्हणजे माझं उत्तर चुकलं नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायला ती कोणाकडून शिकणार? ती नुसतं उत्तर तपासून घेत होती, पाटी पुढे करावी तसं, आणि मालोजीराव तिचे मास्तर होते. "नाही. चुकलं नाही. बरोबर होतं." 

"दुसरंपण बरोबर होतं. गैरहजेरीचं."

"हो. तेपण."

"मग तुम्ही खेळ का म्हणालात?"

ते थांबले. आता पुढे चालत राहून उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. ते वळले. ती डोळे बारीक करून उन्हात उभी होती, चौदा वर्षांची, वेण्या घट्ट घातलेल्या, मंगलानं आजच्यासाठी नवी फीत बांधलेली. तिला काहीही सांगता आलं असतं. शाळेचा प्रवेश अडला असता, बाईंचा गैरसमज झाला असता, मोठ्यांचं तुला कळणार नाही. यांतलं प्रत्येक वाक्य त्यांच्या जिभेवर आलं, आणि प्रत्येक वाक्याला तिच्या कपाळावर ती आठी पडेल आणि ती ते तपासायला घेईल, हेही त्यांना दिसलं. "लाज वाटली," ते म्हणाले.

अंबिकाचा चेहरा पडला. एकदम पडला, लहान पोराचा पडतो तसा. "माझी?" तिनं विचारलं.

"नाही गं! तुझी कशाला? माझी. माझी मला लाज वाटली, अंबू." इतका मोठा माणूस भर रस्त्यात बोलला आणि त्याचा आवाज चिरकला. आता ती विचारेल, असं त्यांना वाटलं. आता त्या सहा दिवसांचं निघेल, त्या चिठ्ठीचं निघेल, आणि निघू दे. एकदा निघू दे, इथं, गणपतीच्या साक्षीनं, फुलवालीच्या समोर. त्यांनी अंग घट्ट करून घेतलं. पण अंबिकानं काही विचारलं नाही. ती विचार करत होती. मग ती पुढं आली आणि त्यांच्या बरोबरीनं उभी राहिली, आणि मंगला घाबरलेल्या पोराशी बोलते तसा आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "असू दे, आबा. मी कोणाला सांगणार नाही. शाळेतसुद्धा नाही."

सांग, असं म्हणायला हवं होतं. वाटेल त्याला सांग, बाईंना जाऊन सांग, आत्ता चल, मीच सांगतो. शब्द तयार होते, ओठही हलले.

"बरं," मालोजीराव म्हणाले. आणि त्यांना हायसं वाटलं.